कार्तिक-मार्गशीर्षांतील लग्न व भोजनाच्या टेबलावरील शोभा

चातुर्मास संपून तुळशीचें लग्न लागलें, म्हणजे खेड्यापाड्यांतून लग्नकार्यांस आरंभ होतो व पहिले मुहूर्त कार्तिकाच्या अखेरीस आणि मार्गशीर्षांत धरले जातात. मावळपट्टींत हाच भातकापणीचा व झोडणीचा हंगाम होय. घरांत नुकतें धान्य आलेलें असतें, पण त्याचा पैसा हातीं आलेला नसतो. माणसें खळ्यावर गुंतलेलीं असतात. आणि नेमक्या त्याच वेळीं मांडव, जेवण, वाजंत्री यांच्या खर्चाच्या याद्या यजमानापुढें येतात. या याद्यांत अलीकडे एका नव्या बाबीची भर पडली आहे. ती म्हणजे भोजनाच्या टेबलावर मधोमध ठेवावयाची फुलांची मांडणी.

ही बाब लहान दिसते. परंतु तिचा विचार शेतकऱ्यानें दोन कारणांसाठीं केला पाहिजे. पहिलें कारण असें कीं, जी वस्तु त्या दिवसांत त्याच्या बांधावर व वाफ्यांत उभी असते, तिच्याच तोडीची वस्तु तो सजावटवाल्याकडून पैसे देऊन आणवितो. दुसरें कारण याहून गंभीर आहे. सजावटवाला आणतो तीं फुलें पुष्कळदां फुलें नसतातच. तीं प्लॅस्टिकचीं किंवा कापडाचीं असतात, आणि फुलशेती करणाऱ्याच्या घरचें लग्नहि त्यांनींच शोभविलें जातें. ज्या मालास आपण स्वतःच्या मांडवांत जागा देत नाहीं, त्यास बाजारानें भाव द्यावा अशी अपेक्षा करणें युक्त नव्हे. म्हणून टेबलावर काय ठेवावें, त्याची लागवड केव्हां करावी व तें कसें टिकवावें, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल राजगडाच्या पायथ्याचें पाली हें गांव डोळ्यांपुढें ठेविलें आहे. पुण्याहून नसरापूर, मार्गासनी, साखर, वाजेघर या वाटेनें पालीस जातां येतें, व येथूनच राजगडाच्या पाली दरवाजाची वाट वर चढते. पाऊस भरपूर, मुख्य पीक भात, डोंगरउतारावर नाचणी व वरई, अशी या बाजूची शेती आहे. येथें जें साधेल, तें भोर-वेल्ह्याच्या इतर गांवांतहि थोड्या फेरफारानें साधेल.

पंगत व टेबल

आमच्या जुन्या पंगतीस मध्यभाग असा नव्हताच. पाट मांडावे, पाटापुढें पान, पानाभोंवतीं रांगोळीची महिरप, मधून मधून समया व उदबत्तीचीं घरें, अशी तिची शोभा असे. विहिणीच्या पंगतींत या महिरपीवर घरच्या बायका आपलें सर्व कसब खर्च करीत. म्हणजे शोभा पानाच्या कडेनें असे, आणि वाढप्याची वाट मोकळी राही.

टेबलाच्या मधोमध फुलांचें भांडें ठेवण्याची चाल पाश्चात्यांकडून आली. त्यांच्या पद्धतींत माणसें टेबलाभोंवतीं समोरासमोर बसतात, व मध्यें जी जागा रिकामी राहते ती भरून काढण्यासाठीं तेथें फुलें ठेवितात. आमच्या मंगल कार्यालयांत बहुधा लांब व अरुंद टेबलें ओळीनें जोडून एकाच बाजूस खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि वाढपी समोरच्या बाजूनें वाढीत जातो. येथें पाश्चात्य नमुन्याचा उंच गुच्छ ठेवला, तर तो बरोबर वाढप्याच्या हाताखालीं येतो. वरणाची बादली त्यास लागते, पाकळ्या ताटांत पडतात, आणि दुसऱ्या पंगतीस तो गुच्छ कोणीतरी उचलून कोपऱ्यांत ठेवून देतो. जें दुसऱ्या पंगतीस नकोसें होतें, त्यावर पहिल्या पंगतीसाठीं केलेला खर्च व्यर्थच म्हणावयाचा.

यावरून मांडणीचा पहिला नियम निघतो. एकाच बाजूस बसण्याची पंगत असेल, तर भांडें पानासमोर न ठेवतां दोन पानांच्या मधील जागेंत ठेवावें, आणि दर तीन पानांमागें एक एवढेंच ठेवावें. वाटोळें टेबल असेल, तर तें मध्यावर ठेवण्यास हरकत नाहीं. उभ्यानें जेवण्याची व्यवस्था असेल, तर पदार्थांच्या टेबलाच्या दोन टोकांसच शोभा ठेवावी. पदार्थांच्या मध्यें ठेवूं नये.

निवडीच्या कसोट्या

कोणतीहि वस्तु टेबलावर ठेवण्यापूर्वीं ती पुढील पांच कसोट्यांस उतरते कीं नाहीं, तें पाहावें.

पहिली कसोटी उंचीची. भांडें व फुलें मिळून एका विताहून, म्हणजे सुमारें 9 इंचांहून, उंच नसावीं. समोर बसलेल्याचें तोंड दिसलें पाहिजे व वाढप्याचा हात वरून गेला पाहिजे. भांड्याचा तळ जड असावा. हलकें भांडें पंख्याच्या वाऱ्यानें किंवा टेबलास धक्का लागून कलंडतें. यासाठीं त्यांत थोडी धुतलेली वाळू घालावी.

दुसरी कसोटी वासाची. जेवतांना नाकास अन्नाचा वास आला पाहिजे. गुलछडीचा वास मांडवाच्या दाराशीं सुखद असतो. पण हातभर अंतरावर, आणि तोहि रात्रीच्या जेवणांत, तो मसालेभाताच्या वासावर मात करतो.

तिसरी कसोटी टिकण्याची. सकाळीं मांडलेली वस्तु शेवटची पंगत उठेपर्यंत, म्हणजे निदान 8 ते 10 तास, ताजी दिसली पाहिजे.

चौथी कसोटी रंगाची. लग्न संध्याकाळचें असेल, तर जांभळा व निळा रंग दिव्यांच्या पिवळट उजेडांत काळवंडलेला दिसतो. पांढरा व पिवळा हे रंग मात्र रात्रीं उठून दिसतात. दिवसाच्या पंगतीस गडद रंगहि शोभतात.

पांचवी व सर्वांत महत्त्वाची कसोटी निर्धोकपणाची. तिचें विवेचन पुढें स्वतंत्रपणें केलें आहे.

शेतांतील साहित्य

भाताची लोंबी. वेल्ह्याच्या शेतकऱ्यास यासारखी दुसरी शोभा नाहीं. कोंकणांत व घाटमाथ्यावर नवान्नाच्या वेळीं नव्या लोंब्यांचा जुडगा आंब्याच्या पानांसह दारावर बांधण्याची चाल आहेच. टेबलावर लोंबी ठेवणें हें त्याच चालीचें पुढचें पाऊल होय. लोंबीस पाणी लागत नाहीं, वास नाहीं, आणि ती आपल्या वजनानें बाहेरच्या बाजूस वांकून भांड्यास आपोआप घाट देते. मात्र ती पूर्ण पिकण्यापूर्वीं कापली पाहिजे. दाणे पिवळे पडूं लागले आहेत, पण देंठ अजून हिरवट आहे, अशा वेळीं हातभर काडीसह कापावी. पूर्ण पिकलेल्या लोंबीचे दाणे हात लागतांच गळतात व ताटांत पडतात. कापलेल्या लोंब्यांच्या 25-30 काड्यांच्या जुड्या बांधून, त्या सावलींत, वारा लागेल अशा ठिकाणीं, उलट्या टांगून 8 ते 10 दिवस वाळवाव्या. उन्हांत वाळविल्यास रंग उडतो. उंदरांपासून जपण्यासाठीं जुड्या भिंतीपासून दूर, तारेस टांगाव्या. वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांतून आलेली इंद्रायणी व जुना आंबेमोहोर हीं दोन्ही भातें या बाजूस परिचित आहेत. आपल्या खाचरांत जें असेल तें घ्यावें.

नाचणीचें कणीस. वरकस जमिनींत पिकणाऱ्या नाचणीचें कणीस मुठीसारखें आंत वळलेलें असतें. त्याचे दाणे सहसा गळत नाहींत, रंग तांबूस तपकिरी असतो, आणि पिवळ्या फुलांमध्यें तें फार खुलतें. प्रत्येक भांड्यांत तीन-चार कणसें पुरेत.

शेवंती. टेबलासाठीं ताज्या फुलांत शेवंतीस पहिला मान द्यावा लागेल. ती याच दिवसांत कां फुलते, हें समजून घेण्यासारखें आहे. 1920 सालीं अमेरिकेंतील गार्नर व ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, कित्येक वनस्पतींचें फुलणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. शेवंती ही रात्र मोठी होऊं लागली म्हणजे कळी धरणाऱ्या वनस्पतींपैकीं आहे. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा असतो. आश्विनापासून रात्र दिवसाहून मोठी होऊं लागते, आणि शेवंतीचा बहर कार्तिक-मार्गशीर्षांत येतो. रात्रभर विजेचा प्रखर दिवा जवळ असेल, तर त्या बाजूच्या झाडांस कळी उशीरां धरते. म्हणून शेवंतीचा वाफा रस्त्याच्या दिव्याखालीं करूं नये. पाण्यांत ठेवलेली शेवंतीची काडी चांगली निगा राखल्यास आठ दिवसांहून अधिक टिकते. झिपरी व राजा या जाती आपल्याकडे जुन्या व परिचित आहेत.

झेंडू. हें फूल मूळचें मेक्सिकोकडील. पोर्तुगीजांच्या काळानंतर तें आपल्याकडे आलें व दसरा-दिवाळीचें अविभाज्य अंग होऊन बसलें. दसरा-दिवाळीस त्याचा भाव चढतो व दिवाळी आटोपतांच बहुधा कोसळतो. जें फूल व्यापारी नाकारूं लागतो, तें लग्नाच्या टेबलास विनासायास मिळतें. मोठ्या झेंडूचा देंठ पोकळ असतो व जड फुलानें मोडतो. म्हणून तो उभा न ठेवतां आंखूड देंठाचीं फुलें पसरट भांड्यांत दाटीनें बसवावीं. झेंडूच्या पानांस उग्र वास असतो. तीं सर्व काढून टाकावीं. मखमली जातीचा लहान झेंडू टेबलास अधिक बरा.

अस्टर. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’ मालिकेंतील अस्टर पांढऱ्या, गुलाबी व जांभळ्या रंगांत मिळतात. दिवसाच्या लग्नास यांचा चांगला उपयोग होतो.

फळें व पानें. तुळशीच्या लग्नांत ऊंस, आंवळा, चिंच व बोर यांचा मान आहे, आणि हींच फळें या हंगामांतील टेबलाची उत्तम शोभा होऊं शकतात. बांबूच्या लहान परडींत आंब्याचीं चार पानें घालून वर आंवळे रचावे. त्यांस पाणी नको, ते कित्येक दिवस टिकतात, आणि कार्य संपल्यावर मोरावळ्यास किंवा लोणच्यास उपयोगी पडतात. पंगतींतील लहान मुलांनीं एखादा उचलला तरी चिंता नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आम्रपल्लव व नारळ घातलेला कलश हा पूजेचा विषय आहे. खरकट्या पानांच्या शेजारीं तो ठेवणें योग्य नव्हे. त्याची जागा मांडवाच्या दारीं व बोहल्याजवळ. टेबलावर साधा तांब्या, मातीचें बोळकें, पसरट वाटी किंवा परडी असावी.

काय ठेवूं नये

रानांत व परसांत दिसणारीं कांहीं सुंदर फुलें व फळें विषारी असतात. कळलावी ही पावसाळ्यांत डोंगरांत फुलणारी वेल ज्वाळेसारख्या फुलांमुळें मोह पाडते. परंतु तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, विषारी आहेत. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, तसेंच गुंजांच्या शेंगा व बिया यांसहि भोजनाच्या जागीं मुळींच स्थान नसावें. गुंजेचें बी दिसण्यास मोहक, पण चावून फोडल्यास प्राणघातक ठरूं शकतें, आणि लग्नांत लहान मुलें हातीं येईल तें तोंडांत घालतात. रुई व मांदार यांचा चीक डोळ्यास अपाय करतो. घाणेरीचीं फुलें व हिरवीं फळेंहि टाळावीं.

बाजारांतून आणलेल्या फुलांवर औषधाचा फवारा कधीं व कशाचा झाला होता, हें घेणाऱ्यास कळत नाहीं. म्हणून मोकळ्या पाकळ्या पानाभोंवतीं किंवा टेबलावर पसरूं नयेत. घरच्या वाफ्यांतील फुलें टेबलासाठीं राखावयाचीं असतील, तर त्या ओळींवर फुलें येऊं लागल्यावर रासायनिक फवारणी करूं नये. शेवंती व झेंडू यांच्या पाकळ्यांत मुंग्या व बारीक किडे दडतात. मांडणीपूर्वीं प्रत्येक काडी पांढऱ्या कापडावर उलटी धरून झटकावी.

टेबलावर उघड्या ज्योतीच्या पणत्या ठेवण्याची हौस अलीकडे वाढली आहे. कापडी मांडवांत, वाळलेल्या लोंब्यांच्या जवळ, हें करणें धोक्याचें आहे. समई हवी असल्यास ती पंगतीच्या टोकास, मोकळ्या जागीं व माणसाच्या नजरेखालीं असावी.

लागवडीचें वेळापत्रक

कार्य मार्गशीर्षांत, म्हणजे साधारणपणें नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरांत, धरलेलें आहे असें समजूं. मुहूर्त पुष्कळदां उशीरां ठरतो, तरी घरांत यंदा लग्न करावयाचें आहे हें पावसाळ्यापूर्वींच ठाऊक असतें. तेवढ्यावर हें वेळापत्रक आंखतां येतें.

शेवंतीच्या जुन्या झाडांच्या बुडापासून फुटलेले धुमारे मुळांसह वेगळे करून मे ते जुलैच्या दरम्यान लावावे. वेल्ह्याच्या पावसांत तीं रोपें सपाट जमिनींत कुजतात. यासाठीं उंच वरंबे करून पाण्यास वाट ठेवावी, किंवा पाऊस ओसरेपर्यंत तीं कुंड्यांत व डब्यांत वाढवावीं. रोप वीतभर झालें म्हणजे शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या अधिक फुटतात.

झेंडूचें बी ऑगस्टच्या उत्तरार्धांत गादीवाफ्यावर टाकावें व सुमारें 25 ते 30 दिवसांचीं रोपें सप्टेंबरांत लावावीं. लावणीनंतर महिन्याभरानें शेंडा खुडल्यास फुलें थोडीं लांबणीवर पडतात, पण संख्येनें वाढतात व बहर नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत येतो. कार्य लवकरचें असेल, तर शेंडा खुडूं नये. कांहीं रोपें पंधरा दिवसांच्या अंतरानें दुसऱ्यांदा लावावीं, म्हणजे तारीख पुढेंमागें झाली तरी अडचण पडत नाहीं. अस्टरचें बी पावसाळ्याच्या सुरुवातीस टाकावें लागतें.

परतीचा पाऊस ही या हंगामांतील मोठी चिंता होय. ऑक्टोबरांत तो लांबला, तर उघड्यावरील फुलें डागाळतात व झेंडूवर करपा पडतो. म्हणून सर्व भिस्त ताज्या फुलांवर ठेवूं नये. लोंब्या व नाचणीचीं कणसें आधींच वाळवून घरांत सुरक्षित असलीं, म्हणजे फुलांची संख्या निम्मी झाली तरी शोभा उणी पडत नाहीं.

तोडणी व टिकवण

फुलें सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं तोडावीं. त्या वेळीं देंठांत पाणी भरलेलें असतें. दंव असल्यास तें वाळूं द्यावें. ओलीं फुलें पोत्यांत दाबल्यास आंतून तापतात व कुजतात. शेवंती व झेंडू पूर्ण उमलल्यावर तोडावे, कारण तोडल्यावर त्यांच्या मिटलेल्या कळ्या सहसा उमलत नाहींत. गुलछडी मात्र खालचीं एक-दोन जोडी फुलें उमलतांच काढावी. वरच्या कळ्या पाण्यांत क्रमानें उमलतात.

काडी धारदार विळ्यानें तिरकस कापावी व ताबडतोब पाण्याच्या बादलींत उभी करावी. देंठांत हवा शिरली, कीं पाणी वर चढत नाहीं. पाण्याखालीं येणारीं सर्व पानें काढून टाकावीं. तीं कुजून पाणी नासवितात व देंठाचीं छिद्रें बुजतात. रोज पाणी बदलावें व देंठाचें टोंक बोटाच्या पेराइतकें पुन्हां कापावें. बादल्या थंड, अंधाऱ्या खोलींत ठेवाव्या. त्या खोलींत पिकत घातलेलीं केळीं किंवा इतर फळें नसावींत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो व त्यानें पुष्कळ जातींचीं फुलें लवकर कोमेजतात. लग्नघरांत केळ्यांचे घड व फुलें एकाच खोलींत ठेवण्याची चाल आहे. ती या कारणानें सोडावी.

पालीच्या एका लग्नाचा हिशेब

एका वेळीं 100 पानांची पंगत बसते असें धरूं. दर पानास 2 फूट जागा दिली, तर टेबलाची एकूण लांबी 200 फूट होते. दर तीन पानांमागें एक भांडें, म्हणजे एकूण 34 भांडीं. फुटतूट धरून 35 भांडीं घ्यावीं. हींच भांडीं सर्व पंगतींस पुरतात. प्रत्येक पंगतीनंतर टेबल पुसतांना तीं फक्त उचलून पुन्हां ठेवावयाचीं.

एका भांड्यांत भाताच्या 20 लोंब्या, नाचणीचीं 3 कणसें, शेवंतीच्या 5 काड्या व बुडाशीं सुमारें पावशेर-अदपाव नव्हे, तर वजन करून 200 ग्रॅम झेंडू, असें प्रमाण ठेवावें. एकूण लोंब्या 700 लागतील. एका लोंबींत सरासरी 150 दाणे व हजार दाण्यांचें वजन 20 ते 25 ग्रॅम धरल्यास 700 लोंब्यांचें भात सव्वादोन-अडीच किलो भरतें, आणि तेंहि वायां जात नाहीं. नाचणीचीं कणसें 105, शेवंतीच्या काड्या 175 व झेंडू 7 किलो. एका तोडणीस एका झाडापासून सुमारें 100 ग्रॅम झेंडू मिळतो असें धरलें, तर 70 झाडें पुरतात. पाऊस व कीड यांची तूट धरून 150 झाडें लावावीं. त्यांस अर्धा गुंठा जमीन पुरे. शेवंतीस आणखी तेवढीच जमीन द्यावी. म्हणजे एका लग्नाच्या सर्व टेबलांची शोभा एका गुंठ्यांत पिकते, व तिच्यांत उरलेलीं फुलें मांडवाच्या तोरणांस उपयोगीं पडतात.

मांडणीचें कामहि अवघड नाहीं. लोंब्यांच्या जुड्या आदल्या आठवड्यांत बांधून तयार ठेवाव्या. कार्याच्या पहाटे दोघां-तिघांनीं बसून 35 भांडीं दोन तासांत भरतां येतात. झेंडू व शेवंती ओल्या वाळूंत खोंचावीं, लोंब्या व कणसें भांड्याच्या कडेनें कोरडीं राहतील अशीं लावावीं. वधूवरांच्या पंगतीसाठीं एकच भांडें थोडें मोठें करावें. त्यांत पांढरी शेवंती अधिक घालावी.

खर्चाविषयीं व प्लॅस्टिकच्या फुलांविषयीं

1875 सालीं सुपें येथें सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी ज्या आयोगानें केली, त्यानें असा अभिप्राय दिला होता कीं, कुणब्याच्या कर्जास लग्नाचा खर्च हेंच मुख्य कारण असें जें म्हटलें जातें, त्यांत अतिशयोक्ति आहे. हा अभिप्राय न्याय्य होता. कर्जाचीं मुळें सारा, पाऊस व व्याज यांत अधिक खोल होतीं. म्हणून लग्नांत शोभा करूंच नये, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. आनंदाच्या दिवशीं पंगत सुंदर दिसावी ही इच्छा स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच कीं, त्या शोभेचा पैसा कोणाकडे जातो.

प्लॅस्टिकचें फूल एकदां घेतलें, कीं सजावटवाला तें दहा लग्नांत भाड्यानें देतो. त्यावर धूळ बसते, तें कुजत नाहीं, आणि ज्या दहा लग्नांत तें जातें, त्या दहा लग्नांत कोणत्याहि शेतकऱ्याचें फूल जात नाहीं. कृत्रिम फुलांवर बंदी घालावी ही मागणी 2025 च्या पावसाळी अधिवेशनांत राज्याच्या विधिमंडळांतहि झाली. कायद्याचें काय होईल तें होवो. परंतु ज्याच्या घरचें कार्य आहे त्यास कोणत्याहि कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. सजावटवाल्याशीं ठराव करतांना ‘टेबलावरील व मांडवांतील सर्व फुलें ताजीं असावीं’ एवढें एक वाक्य लिहून घेतलें, तरी पुष्कळ काम होतें. स्वतःच्या शेतांत फुलें नसतील, तर शेजारच्या गांवच्या फुलशेतकऱ्याशीं महिनाभर आधीं बोलावें. त्यास दिवाळीनंतर खात्रीचें गिऱ्हाईक मिळतें, आणि यजमानास वाजवी भावांत ताजा माल मिळतो.

कार्यानंतर

ताज्या फुलांचा आणखी एक गुण असा कीं, कार्य संपल्यावरहि तीं निरुपयोगी होत नाहींत. लोंब्या व कणसें झोडून दाणे कोंबड्यांस घालावे. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या कोंबड्यांच्या खाद्यांत थोड्या मिसळल्यास अंड्याचा बलक अधिक पिवळा होतो. देशी झेंडूचें बी पुढील वर्षासाठीं राखतां येतें. संकरित जातीचें बी मात्र राखूं नये, कारण त्याचीं झाडें एकसारखीं निपजत नाहींत. शेतांत उभीं राहिलेलीं झेंडूचीं झाडें उपटून फेकूं नयेत. त्यांच्या मुळांतील द्रव्यानें जमिनींतील सूत्रकृमींस आळा बसतो. म्हणून त्याच जागीं पुढें टोमॅटो किंवा वांगीं घ्यावयाचीं असतील, तर तीं झाडें बारीक करून जमिनींत गाडावीं. आंवळे घरांत येतात, परड्या व बोळकीं पुढच्या कार्यास उपयोगीं पडतात.

सारांश, भोजनाच्या टेबलावरील शोभा निवडतांना शहरांतील चित्रांकडे पाहण्यापूर्वीं त्या दिवशीं आपल्या शिवारांत काय उभें आहे, तें पाहावें. तें वीतभर उंचीचें, मंद वासाचें, दिवसभर टिकणारें व निर्धोक असावें, आणि वाढप्याच्या वाटेंत येऊं नये. पालीसारख्या गांवीं लोंबी, नाचणी, शेवंती व झेंडू या चौघांत हे सर्व गुण मिळतात. ज्या घरीं यंदा कार्य करावयाचें ठरलें असेल, त्यांनीं पुढील पावसाळ्यापूर्वीं एक गुंठा जमीन बाजूस काढावी व शेवंतीच्या धुमाऱ्यांची तजवीज आतांपासून करून ठेवावी.